नवीन जुळवलेल्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट: पडदा १०२४×७६८ वरच अडकला आहे, ग्राफिक्स कार्ड सदोष समजावे का?

प्रश्न

नमस्कार. सुटे भाग आणून नुकताच घरी एक डेस्कटॉप जुळवला आहे. त्यात रायझन ५ ७५००एफ प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ रॅम आणि रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी हे ग्राफिक्स कार्ड आहे. पहिल्यांदा सुरू केला तेव्हा काही मिनिटे पडदा काळाच राहिला, नंतर मात्र बायोस (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) व्यवस्थित दिसले. लिनक्स मिंट २२.१ ची सिनॅमन आवृत्ती विनातक्रार इन्स्टॉल झाली, पण डेस्कटॉप १०२४×७६८ च्या पुढे जायला तयार नाही. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दुसरा पर्यायच दिसत नाही, मॉनिटरचे नावही येत नाही आणि दुसरा मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवून झोपी जातो. लॉगिन केल्यावर सिनॅमन हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनशिवाय (ग्राफिक्स कार्डाच्या मदतीविना) चालत असल्याची सूचना येते, आणि एखादा साधा व्हिडिओ लावला तरी प्रोसेसरचा पंखा घोंघावू लागतो.

एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे ग्रबच्या (संगणक सुरू होताना लिनक्स चालू करणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये ‘नोमोडसेट’ (nomodeset) लिहून पाहिले, फरक पडला नाही. एएमडीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून घेतला आहे, पण अजून इन्स्टॉल केलेला नाही. दुकानदारांचे म्हणणे असे की विंडोज टाकून बघा, नाहीतर कार्ड परत आणा. परत करण्याची मुदत लवकरच संपत आहे, म्हणून कार्ड खरोखर सदोष आहे की नाही हे त्यापूर्वी कसे ठरवावे, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे.

प्रतिसाद १

सर्वांत सोपी चाचणी म्हणजे मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डवरच्या एचडीएमआय पोर्टला लावून पाहावी. तिथे चित्र नीट आले तर दोष कार्डाचा आहे असे समजून ते बदलून घ्यावे.

प्रतिसाद २

वरील चाचणी या संगणकावर उपयोगाची नाही. ७५००एफ या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे मदरबोर्डवरचे पोर्ट दिसायला असले तरी त्यातून चित्र येणारच नाही. साधा ७६०० असता तर गोष्ट वेगळी होती. पहिल्या वेळी काही मिनिटे राहिलेला काळा पडदा हाही दोष नव्हे. डीडीआर५ रॅम नव्याने बसवल्यावर बोर्ड तिची जुळणी तपासत असतो आणि तेवढा वेळ पडद्यावर काहीच दिसत नाही. त्या काळात घाबरून बटण दाबणारे पुष्कळ असतात, तुम्ही थांबलात हे बरे झाले.

कार्ड इतक्यात परत करू नका. चित्र कोणत्या टप्प्यावर बिघडते हे पाहिले की दोष कुठे आहे याचा बराचसा उलगडा होतो. तुमच्याकडे बायोस आणि इन्स्टॉलर हे सर्व कार्डाच्याच पोर्टमधून दिसले आहे, म्हणजे कार्डाला वीज मिळते, ते स्लॉटमध्ये नीट बसले आहे आणि केबलही ठीक आहे. भार पडल्यावरच उघड होणारे दोष यातून कळत नाहीत हे खरे, पण तुमची तक्रार त्या प्रकारची नाही. बिघाड सुरू होतो तो कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) कार्डाचा ताबा घ्यायला हवा त्या क्षणी.

मिंट २२.१ सोबत ६.८ हा कर्नल येतो आणि तो मार्च २०२४ मधला आहे. तुमचे कार्ड बाजारात आले जून २०२५ मध्ये. त्या कर्नलमधील एएमडीजीपीयू या, एएमडीची कार्डे चालवणाऱ्या ड्रायव्हरला हे कार्ड ओळखताच येत नाही, म्हणून तो माघार घेतो आणि बायोसने आखून दिलेल्या साध्या फ्रेमबफरवर (पडद्यावरचे चित्र ठेवण्याच्या मेमरीतील जागेवर) डेस्कटॉप चालू राहतो. त्या फ्रेमबफरला रिझोल्यूशन बदलता येत नाही, दुसरा मॉनिटर हाताळता येत नाही आणि मॉनिटरची माहितीही वाचता येत नाही. खिडक्या रंगवण्यापासूनची सगळी कामे मग एलएलव्हीएमपाइप या सॉफ्टवेअर रेंडररमार्फत प्रोसेसरवर येऊन पडतात. तुमचा पंखा ओरडतो तो यामुळेच.

त्यात नोमोडसेटची भर पडली आहे. हा पर्याय असेपर्यंत एएमडीजीपीयू कार्डाला हातच लावत नाही. तो न काढता नवीन कर्नल टाकला असता तरी पडद्यावर काडीचाही फरक दिसला नसता आणि कार्ड खराब असल्याची तुमची खात्रीच पटली असती. तेव्हा आधी ग्रबच्या सेटिंगमधून तो शब्द काढा आणि ‘अपडेट-ग्रब’ (update-grub) ही आज्ञा चालवा. मग अपडेट मॅनेजरमधून सर्व अपडेट घ्या, कारण कर्नलइतकेच कार्डाचे फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) आणि मेसा (चित्र रंगवण्याचे काम कार्डाकडून करून घेणारे सॉफ्टवेअर) यांच्या नव्या आवृत्त्याही लागतात. त्यानंतर त्याच अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूतील ‘लिनक्स कर्नल्स’ मध्ये जाऊन ६.१४ निवडा आणि संगणक पुन्हा सुरू करा. हे नको असेल तर मिंट २२.२ थेट इन्स्टॉल करा; सप्टेंबर २०२५ च्या त्या आवृत्तीत ६.१४ मुळातच आहे. एएमडीच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर बाजूला ठेवा, घरगुती वापरासाठी लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो.

पूर्वी आणि नंतर ‘एलएसपीसीआय -के’ (lspci -k) ही जोडलेली उपकरणे व त्यांचे ड्रायव्हर दाखवणारी आज्ञा चालवून कार्डाखालच्या ओळी ताडून पाहा. आता तिथे फक्त ‘कर्नल मॉड्यूल्स: एएमडीजीपीयू’ एवढेच दिसेल, ड्रायव्हरने ताबा घेतल्यावर त्याच्या वर ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ उमटते. ती उमटूनही चित्र बिघडलेलेच राहिले, तर दुकानात जाण्याला अर्थ आहे.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. नोमोडसेट काढून जुन्याच कर्नलवर एकदा मुद्दाम सुरू केले, तेव्हा डीमेसेजमध्ये (dmesg, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) एएमडीजीपीयूच्या नावापुढे ‘फेटल एरर ड्युरिंग जीपीयू इनिट’ असे स्पष्ट आढळले. ६.१४ टाकल्यावर ती ओळ गेली, दोन्ही मॉनिटर आपापल्या नावांनिशी दिसू लागले आणि रेंडरर म्हणून कार्डाचे नाव येते. आता एकच शंका उरली आहे. मुख्य मॉनिटर २५६०×१४४० चा असून तो १६५ हर्ट्झपर्यंत (सेकंदाला १६५ चित्रे) चालतो असे खोक्यावर छापले आहे, परंतु यादीत १४४ च्या पुढे काही नाही. केबल एचडीएमआय आहे.

प्रतिसाद ३

शंकेचे उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. एचडीएमआय २.१ साठी एएमडीने मुक्तस्रोत ड्रायव्हर तयार केला होता, पण एचडीएमआयचे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने त्याला परवानगी नाकारल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये उघड झाले. त्यामुळे लिनक्सवर तुमच्या कार्डाचे एचडीएमआय पोर्ट २.० च्या मर्यादेत चालते असे धरून चला. त्या जोडणीतून चित्रासाठी सेकंदाला १४.४ गिगाबिट मिळतात, आणि १४४० ओळींचे चित्र १६५ हर्ट्झने पाठवायला नुसत्या पिक्सेलसाठीच सुमारे १४.६ लागतात. १४४ हर्ट्झला १२.७ च्या आसपास पुरतात, म्हणून यादी तिथे थांबते. विंडोजवर हीच केबल १६५ दाखवू शकेल. त्यावरून लिनक्समध्ये काही बिघडले आहे असा निष्कर्ष काढू नये.

मुख्य मॉनिटरला डिस्प्लेपोर्टची केबल लावा. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये जवळपास २६ गिगाबिटची सोय असल्याने अडचण येणार नाही. काही मॉनिटरमध्ये डिस्प्लेपोर्टची आवृत्ती त्यांच्या स्वतःच्या मेनूतून १.२ वर ठेवलेली असते, तेही एकदा पाहून घ्या. एचडीएमआय केबल दुसऱ्या मॉनिटरला खुशाल राहू द्या.