एकच सण, पण वाहिन्यांचे वेळापत्रक उलटे का?

प्रश्न : प्रेक्षक_क
ब्रिटनमधील वाहिन्या आपले वर्षातील सर्वांत मोठे विशेष भाग २५ डिसेंबरसाठी राखून ठेवतात. अमेरिकेतील मोठ्या वाहिन्या मात्र डिसेंबरच्या उत्तरार्धात मालिकांचे जुनेच भाग पुन्हा दाखवतात. सण एक आणि सुट्टीही एकच असताना प्रेक्षकसंख्येचे गणित इतके वेगळे का असावे? माहीतगारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : रात्रीचे_सत्र
अमेरिकेपुरते उत्तर जाहिरातींच्या हिशेबात सापडते. नील्सन ही मोजणी संस्था १९५४पासून स्थानिक केंद्रांच्या प्रेक्षकसंख्येसाठी ठरावीक महिन्यांत निवडक घरांना नोंदवह्या पाठवत असे आणि कोणी काय पाहिले हे त्या घरातील माणसे हाताने लिहून कळवत. हे महिने पुढे नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि जुलै असे रूढ झाले आणि त्या आकड्यांवर केंद्रांचे जाहिरातदर ठरू लागले. त्यामुळे लग्ने, मृत्यू, नामवंत पाहुणे असे सारे नोव्हेंबरमध्ये येते, डिसेंबरच्या सुरुवातीला कथा उत्कंठेच्या टोकावर थांबते आणि पुढचा भाग जानेवारीत.

यात भागांच्या संख्येचाही प्रश्न आहे. सप्टेंबर ते मे हा हंगाम साधारण ३५ आठवड्यांचा, तर मालिकेचे भाग परंपरेने २२च्या आसपास. म्हणजे सुमारे १३ आठवडे कशाने तरी भरून काढावेच लागतात, आणि लोक प्रवासात असताना व दुकानांची सणाची विक्री संपत आलेली असताना नवा भाग खर्च करणे कोणत्याही नियोजकाला परवडत नाही. कागदी नोंदवह्या २०१८मध्ये बंद झाल्या, पण त्यांनी घालून दिलेला क्रम अजून पुरता मोडलेला नाही.

उत्तर : सायंवार्ता
ब्रिटनमध्ये त्या दिवशी रेल्वे जवळजवळ पूर्ण बंद असते, मोठी दुकाने उघडत नाहीत आणि सारे कुटुंब एका खोलीत असते. दुपारी ३ वाजता राजघराण्याचा संदेश असतो, जो १९५७पासून दूरचित्रवाणीवर दिसतो. तेथून पुढे संध्याकाळपर्यंत प्रेक्षक वाहिनी बदलणार नाही अशा रीतीने कार्यक्रमांची साखळी रचली जाते : आधी सर्व वयांना चालेल असा चित्रपट, मग विनोदी कार्यक्रम आणि रात्री दैनंदिन मालिकेचा धक्कादायक भाग. नव्या, अपरिचित कार्यक्रमाला दोन लोकप्रिय कार्यक्रमांच्या मध्ये जागा मिळते, कारण पहिल्याचे प्रेक्षक दुसऱ्याची वाट पाहत तेथेच थांबतात. माझ्या मते नियोजकाचे खरे कौशल्य या मधल्या जागेतच दिसते.

बीबीसीवरील ‘ईस्टएंडर्स’ या दैनंदिन मालिकेच्या १९८६मधील नाताळच्या भागाचा ३ कोटींहून अधिक हा आकडा नेहमी सांगितला जातो, त्यात नंतरच्या पुनर्प्रसारणाचे प्रेक्षकही धरलेले आहेत, हे विसरू नये. बीबीसी परवाना शुल्कावर, म्हणजे प्रेक्षकांच्या घरांकडून घेतल्या जाणाऱ्या वार्षिक रकमेवर चालते, त्यामुळे खरेदीचा हंगाम संपला म्हणून तिचा उत्साह ओसरण्याचे कारण नाही. आयटीव्हीचे तसे नाही : तिला महागड्या कार्यक्रमाचा खर्च जाहिरातींतून काढावा लागतो आणि व्यापारी आपला बहुतेक पैसा २५ तारखेच्या आधीच खर्च करून मोकळे झालेले असतात.

उत्तर : थेटप्रक्षेपण
वरील दोन्ही उत्तरे मान्य आहेत. तरीही अमेरिकेतील सगळ्याच वाहिन्या या काळात स्वस्थ बसतात असे नाही. मोठ्यांनी सोडलेल्या जागेत हॉलमार्क वाहिनीने २००९पासून नाताळच्या कौटुंबिक चित्रपटांचा खास हंगाम सुरू केला आणि तो आता ऑक्टोबरमध्येच सुरू होतो. असे चित्रपट त्याच हंगामात पुन्हा पुन्हा दाखवता येतात, म्हणून एकदा केलेला खर्च अनेक वेळा वसूल होतो. दुसरा अपवाद थेट खेळांचा. २०२२च्या थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरअखेरची सुट्टी) डॅलस काउबॉइज आणि न्यू यॉर्क जायंट्स यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना फॉक्सवर सुमारे ४.२ कोटी लोकांनी पाहिला. निकाल कळल्यावर सामना पाहण्यात गोडी उरत नाही, म्हणून तो त्याच वेळी पाहिला जातो.

प्रेक्षक_क
सर्वांचे मनःपूर्वक आभार. हवे तेव्हा पाहण्याची सोय आल्यानंतरही वेळ ठरवण्याला पूर्वीइतका अर्थ उरला आहे का?

उत्तर : सायंवार्ता
उरला आहे, असे मला ठामपणे वाटते. बीबीसीवरील ‘गॅव्हिन अँड स्टेसी’ या विनोदी मालिकेचा २०१९मधील नाताळचा विशेष भाग त्या रात्री १.१६ कोटी लोकांनी पाहिला आणि ७ दिवसांची मोजणी पूर्ण झाल्यावर हा आकडा १.७१ कोटींवर गेला. नंतर पाहणाऱ्यांची भर मोठी आहे हे खरे. पण दोनतृतीयांशांहून अधिक प्रेक्षक पहिल्याच रात्री आले, आणि उरलेल्यांपैकी अनेकांना त्या रात्रीच्या चर्चेनेच तो भाग पाहावासा वाटला असणार. म्हणून चाचपणी करायचीच असेल तर पहिल्या रात्रीचा आणि ७ दिवसांचा असे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत.