अशनी तापलेली की गार?

प्रश्न (खानापूर): भाचीच्या भित्तिपत्रकात वाक्य आहे, 'तापून लाल झालेली अशनी शेतात पडली.' घरात वाद लागलाय. अशनी पडला की पडली? आणि मामी म्हणते, आभाळातनं पडलेला असला दगड तापलेला नसतोच. काय लिहू, सांगा की.

बेळगाव: लिंगाचा वाद अमरकोशानंच मिटवलाय. वज्राच्या नावांत 'अशनि' देऊन पुढं 'द्वयोः' म्हटलंय, म्हणजे दोन्ही चालतं. खरी गोम त्या वज्रातच आहे. अशनिपात म्हणजे मुळात वीज पडणं, आपले कन्नड शेजारी म्हणतात तो 'सिडिलु'. उल्का म्हणजे तर जळतं कोलीत. दोन्ही शब्दांतच आग, मग दगड गार असेल असं कुणाच्या मनात येणार? आता उल्का म्हणजे आभाळातली ती उजेडाची रेघ आणि जमिनीवर सापडतो तो अशनी, एवढा भेद पाळला तरी पुष्कळ.

निपाणी: पण एवढ्या वेगानं येतो तर घर्षणानं तापणार नाही व्हय?

बेळगाव: तापतो, पण वरवर, आणि तेही घर्षणापेक्षा समोरची हवा दाबली गेल्यामुळं. सेकंदाला निदान 11 किलोमीटर वेगानं शिरतो, पृष्ठभाग वितळतो, पण वितळलेलं हवेबरोबर उडून जातं. हे सगळं काही सेकंदांचं काम. दगड उष्णतेचा मंद वाहक, त्यामुळं आतला अवकाशातला गारठा तसाच राहतो. 15-20 किलोमीटर उंचीवर उजेड विझतो आणि पुढं काही मिनिटं तो साध्या धोंड्यासारखा थंड हवेतून खाली येतो. हाताला कोमट लागेल, नाहीतर गार. 14 जुलै 1860 ला हिमाचलातल्या धरमशाळा गावी पडलेले अशनीचे तुकडे उचलणाऱ्यांची बोटं गारठून बधिर झाली होती. लोखंडी अशनी मात्र उष्णता चटकन आत नेतो, तो जरा ऊन लागू शकतो.

खानापूर: मग वरचा काळा थर? 'काजळी' लिहू?

बेळगाव: नको, काजळी धुराची. हा वितळून गोठलेला, जेमतेम मिलिमीटरभर जाड. तुमच्या खानापुरात मातीची भांडी भाजतात, त्यांच्यावरची 'झिलई' जास्त जवळची. फरक एवढाच, भांडं आतपर्यंत भाजतं, हा नाही.

निपाणी: आभाळातनं पडणारी गार, हाताला लागते ती गार, आणि गारगोटी ती पण गार! अशनी कशाला, 'गार पडली' लिहा की.

खानापूर: तसं लिहिलं तर मास्तर पावसाच्या धड्याला मार्क देतील. 'काळ्या झिलईचा गार अशनी पडला' असं करतो. मामीला आत्ताच सांगू नका.