जावाचं सर्टिफिकेट की ओपन सोर्सचं काम? नोकरी बदलण्याआधी कशाला वेळ द्यावा?

प्रश्न
जावा-स्प्रिंगवर (जावा भाषा आणि तिचं स्प्रिंग फ्रेमवर्क) २ वर्षांचा अनुभव आहे. पुण्यातल्या प्रॉडक्ट कंपन्यांत बॅकएंडसाठी अर्ज करायचेत. रोज तासभर मोकळा मिळतो. ओरॅकलची जावा १७ ची परीक्षा द्यावी, एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनच्या क्लाउडचं) सर्टिफिकेट करावं, की स्टॅक ओव्हरफ्लो (प्रोग्रॅमरांची प्रश्नोत्तरांची साइट) आणि गिटहबवर (कोड ठेवायची साइट) लक्ष द्यावं?

उत्तर १
प्रॉडक्ट कंपनीच हवी असेल तर जावाची परीक्षा सोडा. ९० मिनिटांत ५० प्रश्न, पास व्हायला ६८ टक्के; त्यातले बरेचसे ‘हा कोड कंपाइल होईल का’ या थाटाचे. मुलाखतीत मात्र ट्रान्झॅक्शन कुठे रोलबॅक होत नाही, क्वेरी का मंदावली, हे खोदून विचारतात.
एडब्ल्यूएसचं गणित वेगळं आहे. सर्व्हिस कंपन्यांना एडब्ल्यूएस पार्टनरचा दर्जा टिकवायला सर्टिफिकेटवाली माणसं दाखवावी लागतात, त्यामुळे तिथे एचआरच्या चाळणीतून पुढे जायला त्याचा खरंच उपयोग होतो. त्यांच्या सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेला १३० मिनिटांत ६५ प्रश्न, १००० पैकी ७२० लागतात, मुदत ३ वर्षं. डंप (फुटलेले प्रश्नसंच) पाठ करून पास झालात तर ‘प्रायव्हेट सबनेटमधून इंटरनेटला कसं जाल?’ एवढ्यावरच उघडे पडाल.

उत्तर २
सगळ्या परीक्षांना एका मापाने मोजू नका. कुबरनेटीसच्या (अनेक सर्व्हरवर ॲप्लिकेशन चालवणारी प्रणाली) सीकेए परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात. २ तास टर्मिनलवर क्लस्टर दुरुस्त करायचा, तोही अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडं ठेवून. रेड हॅटच्या आरएचसीएसए या लिनक्स परीक्षेत केलेलं काम रीबूटनंतरही टिकलं पाहिजे. डिस्क माउंट केली पण एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ती फाइल) नोंद करायची राहिली, की ते गुण गेले. अशा सर्टिफिकेटला मुलाखत घेणाराही मान देतो. पण ती डेव्हऑप्सची (सर्व्हर आणि डिप्लॉयमेंट सांभाळण्याची) वाट आहे, तुमची नाही.

उत्तर ३
स्टॅक ओव्हरफ्लोचा नुसता आकडा रेझ्युमेवर लिहू नका. उत्तराला एक मत पडलं की १० गुण, स्वीकारलं गेलं की १५. सोप्या प्रश्नाच्या जुन्या उत्तराला वर्षानुवर्षं मतं पडत राहतात, म्हणून आकड्यावरून खोली कळत नाही. त्यापेक्षा नेमक्या दोन उत्तरांच्या लिंक द्या.
गिटहबचंही तेच. प्रोफाइलवर रोजचं काम दाखवणाऱ्या हिरव्या चौकोनांच्या मागे लागू नका. कमिटमधला (नोंदवलेल्या बदलामधला) ईमेल खात्याला जोडलेला नसेल किंवा काम नुसतं फोर्कमध्येच (प्रकल्पाच्या तुमच्या प्रतीतच) असेल तर ते तिथे दिसतही नाही. रोज वापरता तीच लायब्ररी घ्या. तिचा एक बग स्वतःच्या मशीनवर घडवून आणा, आधी नापास होणारी टेस्ट लिहा, मगच दुरुस्ती करा. ती मर्ज झाल्यावर (मूळ कोडमध्ये घेतली गेल्यावर) रेझ्युमेत अशी ओळ येऊ द्या: ‘कनेक्शन परत न केल्याने डेटाबेस कनेक्शनचा साठा (पूल) संपत होता, टेस्टसह दुरुस्ती, मर्ज झाली’. मुलाखतीची पहिली १० मिनिटं त्यावरच जातात, आणि तिथे विषय तुमच्या हातातला असतो.

प्रश्नकर्ता
मेंटेनरने (प्रकल्प सांभाळणाऱ्याने) महिनाभर पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे पाठवलेली दुरुस्ती) बघितलाच नाही तर?

उत्तर ३
म्हणून निवडण्याआधीच ‘क्लोज्ड’ पीआरची यादी बघा. गेल्या महिन्यात बाहेरच्यांचे किती मर्ज झाले ते मोजा. एकही नसेल तर तो प्रकल्प सोडा. आणि ऑफिसचा कोड चुकूनही स्वतःच्या खात्यावर टाकू नका.