गोष्टीतल्या कुत्र्याला शेवटी मारायचं का? (मुलांसाठीची गोष्ट, मोठा आजार, मैत्री)

कागदहोडी

नमस्कार मंडळी, मी ९-१० वर्षांच्या मुलांसाठी एक मोठी गोष्ट लिहितेय, छोटी कादंबरीच म्हणा, आणि गेले दोन महिने शेवटच्या तीन प्रकरणांपाशी अडकलेय. थोडक्यात सांगते. ओवी आणि निहार एका वर्गातले, शेजारीशेजारी राहणारे. भुरा नावाचा कुत्रा, राहतो ओवीकडे पण दोघांचाही. ओवीला ल्युकेमिया होतो म्हणजे रक्ताचा कॅन्सर, ती दोन महिने हॉस्पिटलमध्ये असते, केस जातात, तिला हसवायला निहार एक भटकं पिल्लू दप्तरात लपवून वॉर्डात नेतो. आणि शेवटी ज्या रात्री ओवीचा रिपोर्ट चांगला येतो त्याच रात्री म्हातारा भुरा जातो. जणू तिचं दुखणं तो घेऊन गेला.

दोन मैत्रिणींना वाचायला दिलं. एक ढसाढसा रडली आणि म्हणाली एक शब्द बदलू नकोस. दुसरी काही बोललीच नाही बराच वेळ, मग म्हणाली की हे मला नाही पटलं, पण का ते मला सांगता येत नाहीये. तेव्हापासून मलाही पटेनासं झालंय.

हे लिहायचं कारण म्हणजे मी चौथीत असताना आमच्या वर्गातली एक मुलगी यायची बंद झाली. तिला काय झालंय हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, तिची जागा तशीच रिकामी ठेवली आणि तिच्याबद्दल विचारलं की मोठी माणसं विषय बदलायची. मला ती गोष्ट लिहायचीय जी तेव्हा आम्हाला कोणीतरी वाचून दाखवायला हवी होती. तर शेवट काय करू? आणि आजाराबद्दल काही चुकत असेल तर तेही सांगा, स्पष्ट सांगा.

रात्रपाळी

मी मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स आहे, बरीच वर्षं. शेवटाचं नंतर, आधी ते पिल्लू काढा. प्लीज काढा. किमोने शरीरात भराभर वाढणाऱ्या पेशी मरतात, कॅन्सरच्या मरतात तशा केसांच्या मुळाशी असलेल्याही मरतात म्हणून केस गळतात (पहिल्या दिवशी नाही हं, साधारण दोन-तीन आठवड्यांनी उशीवर केस दिसायला लागतात) आणि रक्त तयार करणाऱ्याही मरतात. पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की साधा ताप आला तरी आम्ही धावपळ करतो. अशा वेळी लस न दिलेलं रस्त्यावरचं पिल्लू, ते चाटणार, ओरबाडणार, तिथेच शी करणार. तुमचा वाचक नऊ वर्षांचा आहे, त्याच्या वर्गात उद्या कोणी आजारी पडलं तर तो हेच करायला जाईल. घरातला जुना, लसी दिलेला, निरोगी कुत्रा ही वेगळी गोष्ट, त्याला बरेच डॉक्टर पूर्ण मनाई करत नाहीत, तोंड चाटू द्यायचं नाही, बिछान्यात झोपू द्यायचं नाही, हात धुवायचे, त्याची घाण मुलाने काढायची नाही. पेशी फार कमी असतील त्या दिवसांत मात्र लांबच. प्रत्येक ठिकाणचे नियम थोडे वेगळे असतात.

आणि एक गोष्ट कुठल्याच गोष्टीत मी वाचली नाही ती तुम्ही लिहा. स्टेरॉइड. मुलांमध्ये जास्त दिसणाऱ्या ल्युकेमियाच्या औषधांत ते असतंच आणि त्याने मूल बदलतं. चेहरा गोल सुजतो, रात्री दोनला भूक लागते आणि राग, असला राग की आईला वस्तू फेकून मारतात आणि दहा मिनिटांनी तिलाच घट्ट धरून रडतात. गोष्टीतली आजारी मुलं नेहमी शांत, फिकी, शहाणी, सगळ्यांना धीर देणारी. मला तशी फार भेटली नाहीत. निहार भेटायला आला आणि ओवी त्याच्यावर ओरडली, जा म्हणाली, तर ते खरं होईल. बिचाऱ्याला कळणार नाही की हे औषध बोलतंय.

खिडकीतला_बाबा

ताई, माझा मुलगा सात वर्षांचा असताना त्याला तुमच्या ओवीचाच आजार झाला, आता तो मोठा आहे, बरा आहे. दोन गोष्टी सांगतो, जरा लांबेल.

पहिली म्हणजे दोन महिन्यांत काही संपत नाही. या प्रकाराच्या ल्युकेमियात, जो मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसतो, उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. पहिल्या चार-सहा आठवड्यांतच बहुतेक मुलांच्या रिपोर्टमध्ये कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा होतात, आम्हीही तेव्हा नाचलो होतो, आणि मग डॉक्टरांनी बसवून सांगितलं की आता खरी सुरुवात, कारण लपलेल्या पेशी राहतात आणि मध्येच औषध थांबवलं तर आजार परततो. तेव्हा तुमची ती एका रात्री चांगल्या रिपोर्टची कल्पना, ती रात्र खरी आहे, पण ती शेवट नाही, ती मध्य आहे.

दुसरी गोष्ट भुराच्या मरणाची. तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीला का पटलं नाही ते मला माहितीये असं वाटतं. माझ्या मुलाने पहिल्या महिन्यात मला विचारलं होतं, बाबा, हे माझ्यामुळे झालं का, मी औषध थुंकलं होतं त्या वेळी (सर्दीचं औषध, दोन वर्षांपूर्वीचं!) म्हणून झालं का. लहान मुलं असा हिशोब लावतात, आपण काहीतरी केलं म्हणून हे घडलं. आता त्याच्या हातात तुमची गोष्ट आली असती आणि मी बरा झालो म्हणून कुत्रा मेला असं त्याने वाचलं असतं, तर तो रडला नसता हो, तो घाबरला असता. आमच्या घरी कुत्रा होता. तो रोज उठून आधी त्याचा श्वास चालू आहे का बघायला गेला असता. मोठ्यांना ते त्याग वाटतं, पण आजारी मुलाच्या डोक्यावर ते कर्ज होतं.

आमच्या कुत्र्याचंही सांगतो कारण ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. पहिल्यांदा घरी सोडलं तेव्हा मुलाला वाटत होतं की बाकी कोणी नाही तरी हा आपल्याला ओळखेल, टक्कल असलं तरी, चेहरा सुजला असला तरी. आणि कुत्रा दारात आला, वास घेतला आणि मागे सरकला. औषधांचा, सॅनिटायझरचा, कसला कसला वास. मुलाचं तोंड एवढंसं झालं, मी तिथल्या तिथे मेलो. मग मुलाने हळूच त्याला नावाने हाक मारली आणि आवाज ऐकल्यावर त्याची शेपटी सुरू झाली, आधी नुसतं टोक, मग अख्खं अंग. हे सगळं दोन मिनिटांत झालं असेल. निष्ठा वगैरे म्हणतात ना, ती मला त्या दोन मिनिटांत दिसली, कारण त्याला वास अनोळखी होता तरी तो जागचा हलला नाही, हाकेची वाट बघत थांबला.

तिसरा_बाक

मी कधी कुठे हे लिहिलेलं नाही पण खिडकीतला_बाबा यांचं वाचून लिहितोय. मी निहार आहे. म्हणजे माझा मित्र आजारी पडला होता आणि मी त्याला भेटायला गेलो नाही, एकदाही नाही.

आमचं खेळताना भांडण झालं, मी त्याला ढकललं. दुसऱ्या दिवशी त्याच्या दंडावर, पायावर निळे डाग. चार दिवसांनी तो हॉस्पिटलमध्ये. मला कोणी सांगितलं नाही की रक्तातल्या प्लेटलेट कमी झाल्या की साध्या धक्क्यानेही असे डाग पडतात, नाकातून रक्त येतं, आणि ते डाग आजाराचे होते, माझे नव्हते. मला वाटलं मी केलं. त्यात वर्गात कोणीतरी म्हणालं की तो रोग लागतो. मला दोन्ही भीत्या एकदम, मी त्याला आजारी केलं ही आणि तो मला आजारी करेल ही, आणि दोन्ही कोणाला सांगता येत नव्हत्या. आईने दोनदा विचारलं चल जाऊन येऊ, मी पोटात दुखतंय सांगितलं. तो गेला. मी चाळिशीच्या पुढे आहे.

एवढंच सांगायचंय की तुमच्या गोष्टीत निहार फार चांगला मुलगा आहे. पहिल्या दिवसापासून धावत जाणारा, पिल्लू नेणारा. जो जाऊ शकत नाही त्याची गोष्ट लिहा ना. कॅन्सर लागत नाही, हे एक वाक्य कोणीतरी त्याला सरळ सांगू दे, आणि ढकलल्याने होत नाही हे पण.

जुनी_पानं

तिसरा_बाक, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. लिहिलंत ते बरं केलंत.

कागदहोडी, शेवटाबद्दल माझं मत. रडवणारा शेवट आपल्याला इतका सवयीचा झालाय की खऱ्या घटनेतही आपण तो घालतो. हिरोशिमाची सादाको सासाकी घ्या. बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची, १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये ल्युकेमियाने गेली, बारा वर्षांची होती. हॉस्पिटलमध्ये कागदाचे क्रौंच पक्षी करायची, हजार केले तर इच्छा पुरी होते म्हणून. जगभर गाजलेल्या गोष्टीत ती ६४४ वर थांबते आणि उरलेले मैत्रिणी करतात. पण तिच्या घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे तिने हजार पुरे केले होते आणि पुढेही करत राहिली. मला तर हेच जास्त लागतं, हजार झाले, काही बदललं नाही, तरी ती घड्या घालत बसली. आणि मैत्री बघायची तर वर्गातल्या मुलांनी तिच्यासाठी पैसे जमवायला सुरुवात केली, देशभरातल्या शाळा सामील झाल्या आणि १९५८ मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं. हे कल्पनेतलं नाही.

तेव्हा त्या आजारावर टिकणारा इलाज नव्हता म्हणून त्या काळच्या गोष्टी मरणावर संपायच्या, ते त्या काळाचं सत्य होतं. आज जिथे पूर्ण उपचार मिळतात तिथे या प्रकारच्या ल्युकेमियाची १० पैकी साधारण ९ मुलं जगतात. सगळीकडे हे होत नाही, उशिरा कळलं किंवा उपचार मध्येच सुटले तर आकडा खाली येतो. पण नुसत्या सवयीने मरणाचा शेवट लिहिणं आता खोटं ठरेल. उलट सगळं गोड करणंही खोटंच, तिसरा_बाक यांचा मित्र गेलाच ना. तेव्हा ओवीच्या बाजूच्या खाटेवरचं कोणी जाऊ शकतं, आणि ते तुम्ही 'देवाघरी गेला', 'झोपला' असं न लिहिता मेला असं लिहा. लहान मुलं 'झोपला' शब्दशः घेतात आणि मग झोपायला घाबरतात.

कुत्र्याचं म्हणाल तर हाचिको आठवतो. १९२५ मध्ये त्याचे मालक, टोकियोतले एक प्रोफेसर, अचानक वारले, तो १९३५ पर्यंत शिबुया स्टेशनवर त्यांची वाट बघत येत राहिला. हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्या जतन केलेल्या अवयवांची २०११ मध्ये तपासणी झाली तेव्हा हृदयात आणि फुप्फुसात कॅन्सर सापडला. म्हणजे तो वाट बघणारा स्वतः आजारी होता आणि आपण त्याला नुसता पुतळा करून ठेवलं. तुमच्या भुराला स्वतःचं काहीतरी द्या, त्याचं दुखणं, त्याचा हट्ट, त्याची आवडती जागा. माणसाच्या बदल्यात मरायला नको ठेवू त्याला.

कागदहोडी

सगळ्यांचं चार-चार वेळा वाचलं. कालपासून लिहितेय.

पिल्लू गेलं. पहिल्याच प्रकरणात निहार ओवीला ढकलतो आणि तिला निळे डाग पडतात. (तिसरा_बाक, तुमची परवानगी न मागता घेतलंय, नको असेल तर सांगा, लगेच काढीन.) निहार हॉस्पिटलला जात नाही. पण ओवीच्या घरी सगळे तिच्यापाशी असल्यामुळे भुराला फिरवायचं काम त्याच्याकडे येतं, आणि भुरा रोज त्याला ओढत त्याच रस्त्याला नेतो जिथून ओवीची गाडी गेली होती. कोपऱ्यापर्यंत. तिथे बसतो, उठत नाही. निहारला त्याच्याशेजारी बसावं लागतं आणि तिथे बसून तो जे कोणालाच सांगितलं नाही ते कुत्र्याला सांगतो. भुरा मरत नाही. शेवटच्या प्रकरणात ओवी घरी येते, उपचार अजून दोन वर्षं चालणार आहेत, ती गाडीतून उतरते आणि धावत भुराकडे जाते, भुरा वास घेऊन मागे सरकतो, ती हाक मारते. निहार कुंपणापाशी उभा आहे. त्याला अजून हाक आलेली नाही. तिथे थांबावं असं वाटतंय.

तिसरा_बाक

ठेवा. काढू नका.

रात्रपाळी

छान झालंय. एकच, ती धावत जाणार नाही. या औषधांनी पायातली ताकद जाते, पाऊल नीट उचलत नाही, तेवढ्या आठवड्यांनी आमची मुलं जिनाही धरून चढतात. गाडीचं दार उघडू दे, तिला सीटवरच बसू दे, पाय बाहेर. आणि भुराला पट्टा लावून कोणीतरी धरा, ओळख पटली की तो तिच्या अंगावर उडी मारणार, प्लेटलेट कमी असताना ते नको. पट्टा निहारच्या हातात द्या.