जीटी-आर गेली, सुप्रा चालली... आता जपानी गाड्याईत मजेची काय उरली राजेहो?

काळीमाती_टर्बो (दर्यापूरकडचा)
राम राम मंडळी. लय दिवसापासून डोक्यात हाय म्हणून लिहूनच टाकतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये निसानने तोचिगीच्या फॅक्टरीतून शेवटची आर३५ जीटी-आर काढली, २००७ पासून चालू होती थे गाडी. सुप्राचं तं टोयोटाने आधीच सांगून टाकलं का २०२६ मध्ये बंद. होंडाची एनएसएक्स २०२२ मध्येच गेली, सुबारूने एसटीआय नावाची तेज गाडी सोडली, मित्सुबिशीची इव्हो जाऊन तं जमाना झाला. आता मले मालूम हाय का मी जीटी-आर घेणार नव्हतो, भारतात २०१६ मध्ये आली तवाच दोन कोटीच्या घरात होती अन् तेवढ्यात आमच्या गावचं अर्धं शिवार येते. पण पोट्टे असतानी पोस्टर लावलेलं होतं बे. वाईट वाटते.

दोन प्रश्न हायेत. एक म्हणजे ह्या कंपन्या काहून बंद करून राह्यल्या, टोयोटाजवळ पैसा नाही का? दुसरा कामाचा. कापसाचा चुकारा आला हाय, घरची बोलेरो बाबा सोडत नाहीत, मले माह्यासाठी सहा-सात लाखापर्यंत जपानी काहीतरी पाहिजे, जुनं चालते, पण चालवाले मजा आली पाहिजे. सनरूफ नको, टचस्क्रीन नको.

समृद्धीवरचा_म्हातारा
मजा पाहिजे तं घ्या ना, पण चालवसान कुठं? समृद्धीवर १२० च्या वर कॅमेरा हाय अन् खाली उतरलं का दर गावाले चार-चार ब्रेकर, त्यातले दोन लोकाईनं स्वतःच बांधलेले. सुप्रा आमच्या पांदणीत आणली तं पावसाळ्यात तिथंच रोवली जाईन, बैल जुंपून काढा लागन 😄

चाकणवाला_वर्धेकर
मी मूळचा वर्धेचा, आता चाकणला एका व्हेंडरकडे आहे, सुटे भाग बनवतो आम्ही, म्हणून थोडं सांगू शकतो. टर्बो भाऊ, पैसा नाही म्हणून नाही, हिशोब बसत नाही म्हणून. युरोपात प्रत्येक कंपनीला विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या धुरातल्या सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) सरासरी ठरवून दिलेली आहे, त्याच्या वर गेलं की प्रत्येक ग्रॅममागे प्रत्येक गाडीवर ९५ युरो दंड. आता स्पोर्ट्स कार विकायच्या थोड्या, पण सरासरी बिघडवणार त्याच. वरून आवाजाचे नियम आले तर जीटी-आर २०२२ लाच युरोपातून बाहेर पडली. जुलै २०२४ पासून तिकडे नवीन सेफ्टी नियम लागू झाले, तर टोयोटाने जीआर८६ ही छोटी स्पोर्ट्स कार काढून घेतली, कारण ते कॅमेरे-सेन्सर त्या गाडीत बसवायचे म्हणजे पुढचा भाग जवळपास नव्याने डिझाइन करा, आणि विकणार किती? होंडाची सिव्हिक टाइप आरही युरोपातल्या नियमांपायीच गेली.

आणि आकडा बघा. जीटी-आर १८ वर्षांत सगळ्या जगात मिळून ४८,००० च्या आसपास बनली. आपली मारुती तेवढ्या गाड्या देशात पंधरा दिवसांच्या आत विकते. सुप्राचं तर अजून वेगळं, ती बीएमडब्ल्यू झेड४ सोबत एकत्र बनवलेली, इंजिन बीएमडब्ल्यूचं, दोन्ही ऑस्ट्रियात ग्राझला मॅग्ना स्टायर ह्या कंत्राटावर गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या प्लांटात जोडलेल्या, झेड४ संपली की सुप्राला घर राहत नाही. निसानची गोष्ट मात्र खरंच पैशाची आहे, २०,००० लोक कमी करतो म्हणाले आणि जपानमधला ओप्पामाचा जुना प्लांट बंद करणार, अशा वेळी जीटी-आरचं नवीन मॉडेल कोण मंजूर करणार.

पुसदचा_पोट्टा
जपानहून माझ्दाची जुनी एमएक्स-५ (दोन सीटची स्पोर्ट्स कार) आणता येते का कोणी सांगा, तिकडं स्वस्त भेटते म्हणते

चाकणवाला_वर्धेकर
नाही रे बाबू. वापरलेली गाडी आणायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि ड्यूटी जोडून किंमत दुप्पटच्या वर जाते. स्वस्तातली जुनी तर नियमातच बसत नाही.

जुना_व्हीटेक
मी जरा कडू बोलतो, सांभाळून घ्या. कंपन्यायले शिव्या देणं सोपं हाय पण आपल्याकडं आल्या तवा आपण काय केलं? २०१७ मध्ये मारुतीने बलेनो आरएस आणली, एक लिटरचं बूस्टरजेट टर्बो, १०२ घोडे, मागंही डिस्क ब्रेक, नऊ लाखाच्या आत. माह्या ओळखीत ज्यानं ज्यानं पाह्यली त्यानं पहिला प्रश्न विचारला 'किती देते?' अन् साधी बलेनो घेऊन घरी गेला. २०२० मध्ये धुराचे बीएस६ नियम आले, आरएस गेली, कोणाले पत्ताही लागला नाही. होंडाची सिव्हिक गेली, त्याईचा ग्रेटर नोएडाचा प्लांट बंद झाला, आपण चार दिवस स्टेटस ठेवले अन् मंग जाऊन एसयूव्ही बुक केली.

तळेगाव दशासरच्या शंकरपटात जे जोड्या पळते ना, त्या बैलाईले वखराले कोणी जुंपत नाही, खुराक लाखाचा अन् शेतीत काम शून्य, तरी माणूस पाळते कारण त्याले नाद हाय. कंपनीत असा नादवाला माणूस वर बसलेला पाहिजे. टोयोटात मालकाच्या घराण्यातला अकिओ टोयोडा हाय, तो स्वतः रेसमध्ये चालवते, म्हणून जीआर नावाच्या त्याईच्या स्पोर्ट्स गाड्या चालू तरी हायेत. बाकी ठिकाणी हिशोबवाले बसले.

हिंगणघाट_८६
लोकहो एवढं सुतक कशाला? टोयोटाची जीआर यारिस चालू आहे, १.६ चं तीन सिलेंडर टर्बो, चारही चाकं ओढतात. एमएक्स-५ १९८९ पासून चालू आहे, दहा लाखाच्या वर बनल्या. होंडाने २०२५ मध्ये प्रील्यूड परत आणली. टोयोटाने २०२५ च्या डिसेंबरमध्ये जीआर जीटी दाखवली, व्ही८ (आठ सिलेंडर) ट्विन टर्बो. म्हणजे उलट आता परत येऊन राह्यल्या.

जुना_व्हीटेक
हिंगणघाटवाल्या, तू सांगितलेल्या नीट पाह्य. व्ही८ वाली श्रीमंताची. प्रील्यूड हायब्रिड हाय, गिअर बदलाचं नुसतं नाटक करते, खरा मॅन्युअल नाही. महाग असन तं टिकते, मरून कोण राह्यलं तं स्वस्त अन् हलकी गाडी. होंडाची एस६६०, ६६० सीसी, ६४ घोडे, इंजिन सीटच्या मागं, २०२२ मध्ये बंद. सुझुकीची स्विफ्ट स्पोर्ट, १.४ टर्बो, १४० घोडे अन् वजन हजार किलोच्याही आत, २०२५ मध्ये फायनल एडिशन काढून संपवली, आपल्याकडं तं आलीच नाही, अन् स्विफ्ट आपल्या देशात शेंबड्या पोरालेही मालूम हाय. मले जीटी-आरचं दुःख नाही, थे दुःख पोस्टरचं. आपल्यासारख्या माणसानं पैसे जोडून कधीतरी घेतली असती, अशी गाडी बनवणं ज्यायनं बंद केलं त्याचं दुःख हाय. २०२४ मध्ये नवीन स्विफ्ट आली तिचंही चार सिलेंडरचं तीन केलं अन् ९० चे ८२ घोडे केले, मायलेज वाढलं, लोक खूश.

हिंगणघाट_८६
ते मात्र खरं आहे काका. एस६६० चं तर मी विसरूनच गेलो होतो.

काळीमाती_टर्बो
व्हीटेक काका लय बरोबर बोलले. पण दुसऱ्या प्रश्नाचं कोणी बोलून नाही राह्यलं. अकोल्याले एक २००८ ची स्विफ्ट १.३ पेट्रोल पाह्यली हाय, लाल, मालक मास्तर होते. अन् एक होंडा सिटी व्हीटेक, पहिल्या पिढीची, पण तिच्यात मोठ्या आवाजाचं सायलेन्सर बसवलेलं हाय. कोणती घेऊ?

गॅरेजवाला_मूर्तिजापूर
मी रोज ह्याच गाड्याईचे हात काळे करतो म्हणून सांगतो. सिटी व्हीटेकचं इंजिन सोनं हाय, १०६ घोडे अन् वर चढली का आवाजच वेगळा, पण आता बाहेरचे पार्ट, लाइट, बीडिंग, सस्पेन्शनचं सामान शोधता शोधता जीव जाते अन् सायलेन्सर बदललेली हाय म्हणजे कोणीतरी पोट्ट्यानं मोप ताणली असन. सोड.

स्विफ्ट १.३ घे. जी१३ इंजिन हाय, जुन्या एस्टीमच्याच घराण्यातलं, मारुतीचं सामान तालुक्याच्या दुकानात भेटते. पण हे पाह्य. टायमिंग बेल्टवालं इंजिन हाय, मास्तरानं बेल्ट कधी बदलला त्याचं बिल माग, बिल नसन तं घेतल्याबरोबर बदल. २००८ ची हाय म्हणजे पंधरा वर्षं २०२३ लेच झाली, आरसी रिन्यू केली हाय का पाह्य, नाही तं आरटीओची फी अन् फिटनेसचा खर्च किमतीतून कापून घे. पेट्रोल आता सगळीकडं ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) हाय अन् ही गाडी त्यासाठी बनलेली नाही, फ्यूलचे रबरी पाइप कडक झाले का हातानं दाबून पाह्य. रेडिएटर पाह्य, आपल्याकडच्या मे महिन्यात सगळ्यात आधी तोच बोंबलते. स्टिअरिंगमध्ये खडखड असन तं रॅक गेला समज.

हे सगळं नीट निघालं तं दोन लाखाच्या आत बसते, उरलेल्या पैशात चांगले टायर अन् शॉकअप टाक, हलकी गाडी हाय, अचलपूरवरून चिखलदऱ्याच्या घाटात घेऊन जा मंग सांग.

समृद्धीवरचा_म्हातारा
अन् बाकीचे चार लाख बाबाले देऊन टाक, बोलेरोची कामं निघालीच असतीन 😄

काळीमाती_टर्बो
😂 काका बाबाले दाखवू नका हे. गॅरेजवाले भाऊ, रविवारी जाऊन पाह्यतो, बेल्टचं बिल मास्तरजवळ असनच वाटते, थे वह्या ठेवणारे माणूस हायेत.

गॅरेजवाला_मूर्तिजापूर
खालून फोटो काढून टाक इथं, मधला बीम अन् दोन्ही लोअर आर्म दिसले पाहिजे. टोकन देऊ नको तवालोक.