मुद्रितशोधनासाठी नवा, कमी किमतीचा टॅबलेट घ्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार.

गेली बारा वर्षे मी मुद्रितशोधनाचे, म्हणजे छपाईपूर्वी मजकुरातल्या चुका शोधण्याचे, काम करते. पूर्वी मुद्रिते कागदावर येत असत. आता बहुतेक प्रकाशक पीडीएफ पाठवतात आणि दुरुस्तीच्या खुणाही पीडीएफवरच करून मागतात. दिवसभर संगणकापुढे बसून मान आणि डोळे दोन्ही थकतात, म्हणून हातात धरून वाचता येईल असा टॅबलेट घेण्याचा विचार आहे. नुकताच बाजारात आलेला, अगदी खालच्या किमतीच्या गटातला एक टॅबलेट माझ्या ऐपतीत बसतो. पण तो इतका नवा आहे की सहा महिने वापरून कोणी अभिप्राय लिहिलेला असणे शक्यच नाही. माहितीपत्रकात १०.१ इंची आयपीएस स्क्रीन, १२८० × ८०० पिक्सेल, आठ कोअरचा (गणन करणाऱ्या भागांचा) प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि 'अधिक ४ जीबी वाढीव रॅम', ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेज, ६००० एमएएच बॅटरी, १० वॅट चार्जिंग आणि 'पेन चालते' असे दिले आहे.

माझी सर्वांत मोठी शंका स्क्रीनबद्दल आहे. ही स्क्रीन उभी धरली, तर तिची रुंदी सुमारे १३६ मिलिमीटर भरते आणि ए-४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर असते. म्हणजे संपूर्ण पान मूळ आकाराच्या ६५ टक्के एवढेच दिसणार आणि १२ पॉइंटाचा मजकूर (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) ८ पॉइंटाहून लहान होणार. तेवढ्या लहान अक्षरांची मला सवय आहे, पण प्रश्न पिक्सेलांचा आहे. पानाची ८.२७ इंच रुंदी ८०० पिक्सेलांत बसवली की पानाच्या प्रत्येक इंचाला सुमारे ९७ पिक्सेल मिळतात, आणि १२ पॉइंटाच्या ओळीला उभे जेमतेम १६. या सोळांतच वरच्या वेलांट्या, रफार, अनुस्वार, मधले अक्षर आणि खालचे उकार सगळे बसवायचे. 'मूर्तीची' आणि 'मूर्तींची' यांत वचनाचा फरक आहे आणि तो केवळ दुसऱ्या वेलांटीवरच्या रफाराला चिकटलेल्या एका टिंबावर अवलंबून आहे. ते टिंब एकदीड पिक्सेलाचे होऊन रफारात मिसळले, तर माझे काम तिथेच संपले. इंग्रजी मजकूर वाचणाऱ्यांनी अशा स्क्रीनला 'वाचनासाठी पुरेशी' म्हटलेले मी अनेकदा वाचले आहे. देवनागरीच्या बाबतीत ते मत जसेच्या तसे स्वीकारण्याचे धाडस मला होत नाही.

हाच टॅबलेट आडवा धरला तर गणित बरेच बदलते. आडवी रुंदी सुमारे २१७ मिलिमीटर असल्याने पानाची रुंदी जवळजवळ मूळ आकारात मावते आणि १२ पॉइंटाच्या ओळीला सुमारे २६ पिक्सेल मिळतात. १९२० × १२०० पिक्सेलांचा महाग टॅबलेट उभा धरला तर तोच आकडा २४ येतो, हे पाहून मला आश्चर्य वाटले. अडचण एवढीच की आडव्या स्क्रीनवर निम्म्याहून कमी पान दिसते. वाचायला ते चालेल, परंतु पानाच्या तळाशी एकटी पडलेली ओळ, परिच्छेदांमधले कमीजास्त अंतर, पृष्ठक्रमांकाची जागा या गोष्टी संपूर्ण पान नजरेसमोर असल्याशिवाय लक्षात येत नाहीत. त्यासाठी दुसरी फेरी उभी धरून करावी लागेल.

दुसरी शंका रॅम आणि स्टोरेजची. जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांसाठी मूळ प्रतीचे स्कॅन शेजारी उघडे ठेवावे लागतात. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलेले ए-४ आकाराचे एक रंगीत पान पूर्ण उलगडले, की मेमरीत सुमारे ३५ एमबी जागा घेते. मागचीपुढची दोनचार पाने आणि दुसरी पीडीएफ धरली, तर ४ जीबीतली सिस्टिमने सोडलेली जागा किती पुरेल याची मला काळजी वाटते. 'वाढीव रॅम' म्हणजे स्टोरेजचाच एक भाग रॅमसारखा वापरणे, हे मला ठाऊक आहे. ईएमएमसी हे स्वस्त प्रकारचे स्टोरेज मुळातच यूएफएस या वेगवान प्रकारापेक्षा हळू असते, त्यात त्याच्यावर हा भार पडला तर पान उलटताना अडखळणे अटळ दिसते. ही सोय पूर्ण बंद करून ४ जीबीवरच काम करणारे कोणी असतील, तर त्यांचा अनुभव मला फार उपयोगी पडेल.

या बाबतीत मी एकदा पोळले आहे. माझा आधीचा टॅबलेटही याच किमतीच्या गटातला होता. स्टोरेज भरत आले तसा तो इतका मंदावला की खूण केल्यावर ती उमटायला काही क्षण थांबावे लागे, आणि दीड वर्षात त्याला एकही सुरक्षा अपडेट आले नाही. त्याहून वाईट म्हणजे तिथल्या ॲपमध्ये केलेल्या खुणा पीडीएफच्या आत साठवल्या जात नव्हत्या, केवळ त्या ॲपमध्ये राहत होत्या. प्रकाशकाकडे फाइल कोरीच पोहोचली आणि दोन फॉर्मांचे (छपाईच्या एका मोठ्या कागदावर मावणाऱ्या पानांच्या दोन संचांचे) काम मला पुन्हा करावे लागले. म्हणून अँड्रॉइडवर चालणारे, खुणा पीडीएफमध्येच लिहिणारे आणि मोठ्या फाइलींवर टिकून राहणारे ॲप कोणते, हेही कृपया सांगावे.

पेनाबद्दल माहितीपत्रक काहीच स्पष्ट करत नाही. रबरी टोकाचे साधे पेन स्क्रीनच्या दृष्टीने बोटासारखेच असते आणि हात टेकला की तोही स्पर्श धरला जातो. स्वतःचे इलेक्ट्रॉनिक्स असलेले पेन चालते की नाही, तळहात टेकून लिहिता येते की नाही, हे कसे तपासावे? शिवाय स्वस्त टॅबलेटमध्ये काच आणि पॅनल यांच्यात बहुधा हवेची फट असते, त्यामुळे पेनाचे टोक एकीकडे आणि खूण किंचित बाजूला दिसते. काकपद (राहिलेला मजकूर घालण्याची खूण) नेमके दोन अक्षरांच्या मध्ये द्यायचे असते, तेव्हा एवढा फरकही खपत नाही.

प्रोसेसरबद्दल एकच विचारते. आठही कोअर कॉर्टेक्स ए-५५ या साध्या प्रकारचे असणे आणि त्यांतले दोन ए-७५ किंवा ए-७६ या अधिक वेगवान प्रकारचे असणे, यांत जड पीडीएफ उघडताना खरोखर जाणवण्याइतका फरक पडतो का? पानाची उलगड बहुधा एकाच कोअरवर होते, त्यामुळे पडत असावा असा माझा अंदाज आहे. कॅमेरा, आवाज, चित्रपटांचा दर्जा यांच्याशी मला कर्तव्य नाही; चार्जिंगला तीनेक तास लागले तरी ते रात्री होईल.

ज्यांच्याकडे १०.१ इंची आणि १२८० × ८०० पिक्सेलांचा कोणताही टॅबलेट असेल, त्यांना एक विनंती आहे. १२ पॉइंटांत 'मूर्तीची', 'मूर्तींची', 'सर्वांनी', 'घन', 'धन' हे शब्द टंकून त्यांची ए-४ पीडीएफ करावी, ती संपूर्ण पान दिसेल अशी उभी आणि मग रुंदीभर आडवी उघडावी, आणि नेहमीच्या वाचनाच्या अंतरावरून अनुस्वार वेगळा दिसतो का ते कळवावे. उभ्या स्थितीत दिसत नसेल आणि आडव्या स्थितीत दिसत असेल, तरी मी घ्यायला तयार आहे. दोन्हीकडे दिसत नसेल, तर थोडे थांबून १९२० × १२०० पिक्सेलांच्या टॅबलेटसाठी पैसे जमवीन. पुढचे चारशे पानांचे काम महिनाअखेरीस हाती येणार असल्याने त्याआधी निर्णय करायचा आहे.