मदत हवी आहे : ‘टीईएफ’ या संक्षेपाची नोंद आणि मिश्रणाच्या विषारीपणाचे गणित

नमस्कार. संक्षेपांच्या सूचीसाठी मी ‘टीईएफ’ची नोंद लिहीत आहे. आहारशास्त्रात हा संक्षेप अन्न पचवताना खर्च होणाऱ्या ऊर्जेसाठी, शस्त्रक्रियाशास्त्रात श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यातील सदोष जोडमार्गासाठी, तर अन्यत्र फ्रेंच भाषेच्या एका चाचणीसाठी वापरतात. येथवर काही अडत नाही.

अडते ते विषशास्त्रात. तेथे २,३,७,८-टीसीडीडी या अतिविषारी डायॉक्सिनचा गुणक १ धरून त्याच्यासारख्या इतर संयुगांना तुलनेने गुणक (हाच ‘टीईएफ’, म्हणजे विषारीपणाचा तुल्यता-गुणक) देतात आणि प्रत्येकाचे प्रमाण त्याच्या गुणकाने गुणून येणाऱ्या बेरजेला मिश्रणाचे ‘टीईक्यू’ म्हणतात. मात्र हे गुणक स्थिर नाहीत : २,३,४,७,८-पेंटाक्लोरोडायबेन्झोफ्युरानचा जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या यादीतील ०.५ हा गुणक २००५ च्या फेरमूल्यांकनात ०.३ झाला, म्हणजे त्याच नमुन्यातील २० पिकोग्रॅमचा वाटा १० वरून ६ वर आला. माझ्या मते कोणती यादी वापरली हे न सांगता दिलेला आकडा वाचकाची दिशाभूल करतो.

जाणकारांनी कृपया सांगावे : जुन्या अहवालांत केवळ बेरीज दिलेली असल्यास तिची नव्या आकड्यांशी तुलना करता येते का? तसेच मापनमर्यादेखालील संयुगांसाठी शून्य धरावे, मर्यादेचे निम्मे मूल्य, की पूर्ण?